गंज काढायचा, झीज ठेवायची

नागपूरजवळच्या कन्हानच्या भोवतालची जमीन माणसाला दोन काळ्या गोष्टी देते. कामठी, इंदर, गोंडेगाव इथल्या खाणींतून कोळसा निघतो आणि रामटेकच्या वाटेवर मनसरला मँगनीज. कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, मँगनीजचे थर त्याहून कितीतरी पटींनी जुने. कोळशाचं पुढे काय होतं हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, कारण कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं हाकेच्या अंतरावर आहेत. मँगनीजचं काय होतं? ते पोलादात जातं. लोखंडात थोडं जरी गंधक उरलं, तरी पत्रा तापवून लाटायला घेतला की तो तडकतो. १८५६ साली बेसेमरने पोलाद करायची नवी पद्धत आणली, तेव्हा तीही अशाच अशुद्धींपायी अडली होती. रॉबर्ट मुशेट या इंग्रज धातुतज्ज्ञाने त्या वितळलेल्या लोखंडात मँगनीज घातलं आणि वाट मोकळी केली. मँगनीज गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं, लोखंडाला त्याच्या तावडीतून सोडवतं. तेव्हापासून आजवर जगात जे पोलाद होतं, त्यात टनामागे काही किलो मँगनीज लागतंच. कन्हानमध्ये खंडेलवाल फेरो अलॉइजचा कारखाना उभा राहिला तो याच साखळीतली एक कडी म्हणून. मँगनीजचं खनिज भट्टीत घालायचं, फेरोमँगनीज काढायचं, पोलाद कारखान्यांना पाठवायचं.

या सगळ्याकडे माझं लक्ष वेधलं ते घरच्या एका गाडीने. आमची फियाट ११०० डिलाइट, १९६८ची. आजोबा खाणीत नोकरीला होते, गाडी त्यांनी घेतली. त्यांच्यानंतर काही वर्षं आत्याने चालवली. ती कामठीच्या शाळेत शिकवायला जायची आणि नदीवरचा पूल ओलांडून कामठीला जाणारी बाई गाडी चालवते आहे, हे बघायला तेव्हा लोक थांबत. शेवटची पंचवीस वर्षं गाडी बाबांकडे होती. तिघंही आता नाहीत. बाबा गेले आणि गाडी मागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. आता दादाने आणि मी ती पुन्हा रस्त्यावर आणायला घेतली आहे. तिघांच्या आठवणीसाठी, हे सरळ कारण. पण काम सुरू झाल्यावर कळलं की या पत्र्यात आणि रबरात आठवण केवळ भावनेपुरती नाही. ती मोजता येते, मिलिमीटरमध्ये आणि त्याहून कितीतरी सूक्ष्म मापात.

आधी गाडीचं कूळ सांगते. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. सोलापूरचा हा माणूस. बंगळूरचा विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमची जहाजांची गोदी आणि आपल्या सगळ्यांच्या लहानपणी खिशात असलेली रावळगावची गोळी, या तिन्हींच्या मुळाशी तोच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ साली फियाट ११०० आली. तुरिनमध्ये ती घडवली होती दांते जाकोसा यांनी, १९५३ साली. पुढे आलेलं नाक आणि गोल अंग यामुळे महाराष्ट्राने तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं आणि त्या नावात प्रेमच होतं. ती पहिली गाडी कुर्ल्यातून निघाली तेव्हा कन्हान महाराष्ट्रात नव्हतं. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. डिलाइट आली १९६४च्या सुमारास, आधीच्या गाडीपेक्षा सरळ, कोरीव अंगाची. पुढे हीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि त्यानंतर 'पद्मिनी'. २०००च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत इंजिन तेच होतं, १०८९ सीसीचं.

या गाडीभोवती घरं कशी गुंफली गेली, याचा सगळ्यांत हृद्य दाखला दिल्लीत आहे. १९६४ साली पंतप्रधान झालेल्या लालबहादूर शास्त्रींनी मुलांच्या आग्रहाखातर फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये. जवळ होते ७,०००. उरलेल्या ५,००० साठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. ११ जानेवारी १९६६ला ताश्कंदमध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज बाकी होतं. त्यांच्या पत्नी ललितादेवींनी ते आपल्या निवृत्तिवेतनातून फेडलं. ती गाडी आज त्यांच्या स्मारकात उभी आहे. दुसरा दाखला त्यानंतरच्या पिढीचा. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००ची किल्ली इंदिरा गांधींच्या हातून हरपाल सिंग यांना मिळाली. २०१० साली ते गेले, तोवर ती त्यांच्याकडेच होती. नंतर ती घराबाहेर उन्हापावसात गंजत राहिली. घरच्यांना ती जपली जावी असं वाटत होतं. अखेर कंपनीने ती पुन्हा घडवली आणि आपल्या मुख्यालयात ठेवली. पंतप्रधानाची असो की सामान्य नोकरदाराची, गाडी जपावी असं घरच्यांना का वाटतं? फोटो जपतो तशी नाही जपत आपण गाडी. गाडीला त्या माणसाने रोज हात लावलेला असतो.

आता शेडमध्ये चला.

गंज म्हणजे काय, हे शाळेत शिकलो आणि विसरलो. जमिनीत लोखंड सापडतं ते ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. ते खनिज भट्टीत घालून, प्रचंड उष्णता देऊन, कोकच्या साहाय्याने तो ऑक्सिजन हिसकावून घेतला की लोखंड मोकळं होतं. (आपला कामठीचा कोळसा त्या कामाचा नाही, त्याचा कोक होत नाही, तो विजेसाठीच.) म्हणजे गाडीचा प्रत्येक पत्रा ऑक्सिजनपासून जबरदस्तीने तोडून ठेवलेला आहे आणि संधी मिळाली की तो परत जातो. गंजणं हे लोखंडाचं माघारी फिरणं आहे. त्याला पाणी लागतं, कारण एका ठिकाणी लोखंडाचे कण विरघळतात, दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि या दोहोंमध्ये ओलावा पूल बांधतो. प्रत्येक गंजाचा ठिपका ही एक चिमुकली बॅटरी आहे, स्वतःलाच खाऊन चालणारी.

हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या पुढे गेली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पडदा धरतो आणि गंजाला वेग येतो. त्याखाली तो जवळजवळ निजलेला असतो. इथे विदर्भाने आमच्यावर मोठी कृपा केली आहे. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असते. गंज उपाशी मरतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत तेवढीच वर्षं उभी राहिलेली फियाट चाळणी झाली असती. पण तोच उन्हाळा रबर, रेक्झिन आणि स्टिअरिंगचं प्लास्टिक यांना सोडत नाही. दारांची सगळी रबरं हातात घेतली की तुकडे पडत होती. रबर घडवताना गंधकाने त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना टाके घालून बांधलेल्या असतात. उष्णतेत हे टाके वाढत जातात, शेवटी वाकायला जागाच उरत नाही आणि रबर मोडतं. कोकणातल्या जुन्या गाडीचा पत्रा जातो, आपल्याकडच्या गाडीचं रबर. गाडी कुठे जगली हे तिचं काय मोडलं यावरून ओळखता येतं.

तरी जुलै-ऑगस्ट असतातच. शेडचं टिन एका बाजूने फाटलेलं होतं आणि पाणी नेमकं डावीकडच्या दारांवर ओघळत राहिलं. फियाट ११००ला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. फरशी, दाराखालचे उंबरे, खांब आणि छत मिळून एकच कवच होतं आणि तेच सगळा भार पेलतं. १९५३ साली ही रचना आधुनिक होती. गाडी हलकी आणि तरी ताठ राहायची. पण यात एक जोखीम आहे. दाराखालचा उंबरा आतून पोकळ असतो, दोन पत्र्यांचं खोकं. पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही आणि अंधारात गंज आतून बाहेर येतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, म्हणून रंग फुगतो. रंगावर फोड दिसला, तेव्हा आतलं काम आटोपलेलं असतं.

आमच्या गाडीचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी हे कसं तपासलं ते पाहण्यासारखं होतं. खिशातून एक लहान चुंबक काढला, रुमालात गुंडाळला आणि गाडीच्या अंगावरून फिरवत गेले. चुंबक धरतो तिथे पत्रा, सुटतो तिथे लांबी, म्हणजे पुट्टी. डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या तळहाताएवढ्या जागेत चुंबक घसरून पडला. कधीतरी तिथे ठोकर बसली होती, पोचा पूर्ण न काढता लांबी भरून वर रंग मारला होता. दादा म्हणाला, ही आत्याची. फाटकाच्या खांबाला घासली होती, घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मग उंबरा कापण्याआधी त्यांनी दारांच्या चौकटीत आडवे-उभे अँगल वेल्डिंग करून घेतले. तसं केलं नाही तर उंबरा कापताक्षणी कवच किंचित खचतं, आणि नंतर काही केलं तरी दार बसत नाही. महामार्गालगतच्या या गावात आयुष्यभर ट्रकच्या केबिनी सरळ करणारी माणसं आहेत. पत्रा कुठे ओढला की कुठे सैल होतो, हे त्यांच्या बोटांना कळतं. मला ते गणिताइतकंच अवघड ज्ञान वाटतं, आणि ते कुठे लिहिलेलं नाही.

गंज काढायच्या रीतीही थक्क करणाऱ्या आहेत. लहान सुट्या भागांसाठी आम्ही प्लास्टिकच्या टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा घातला. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला. काही तासांत भागावरून बुडबुडे निघू लागतात, गंज सैल होऊन काळ्या चिखलासारखा खाली बसतो आणि मूळ धातूचा कणही जात नाही. गंज ज्या विजेच्या खेळाने झाला, तोच खेळ उलट्या दिशेने खेळवायचा. (निघणारा वायू हायड्रोजन असतो, म्हणून हे उघड्यावरच करायचं, आणि टाकीत स्टेनलेस स्टील कधीच घालायचं नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं.) मोठ्या पत्र्यांवर, जिथे घासूनही गंज खोल उरतो, तिथे टॅनिनचं द्रावण लावतात. तांबडा गंज डोळ्यांदेखत निळसर काळा होतो आणि घट्ट बसतो. हा काळा रंग पाहून मी चकित झाले, कारण आपल्या पूर्वजांनी तो रोज पाहिला होता. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून ते शाई करत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड. जुन्या दफ्तरांतली काही अक्षरं ज्या रसायनाने काळी झाली, तेच रसायन आज आमच्या फियाटच्या फरशीवर आहे.

रंगाच्या बाबतीत एक छोटा प्रयोग कुणीही करावा. दाराच्या आतल्या कडेला, रुपयाएवढ्या जागी, बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून हळूहळू गोल घासत जायचं. मधोमध खोल, कडेला उथळ. थर एकेक करून उघडतात आणि झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. आमच्या गाडीत बाहेरून आत असे पांढरा, करडा प्रायमर, पुन्हा पांढरा, मग फिकट निळा, तांबडा रेड ऑक्साइड आणि शेवटी चकचकीत पत्रा. आम्हा भावंडांना गाडी पांढरीच आठवते. तो निळा आजोबांचा होता. घरातल्या कृष्णधवल फोटोंनी तो कधीच सांगितला नव्हता.

इंजिनाकडे वळू. फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ६.८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ३६.३ चौरस सेंटिमीटर; त्याला ७.५ने गुणा, मग चार सिलिंडर म्हणून चारने. उत्तर १०८९. कागदोपत्री लिहिलेला तो आकडा म्हणजे चार पेल्यांत मावणारी हवा. ताशी साठाने जाताना यातला प्रत्येक पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे सेकंदाला २५ ठिणग्या. चारही मिळून १००. या शंभर ठिणग्या देणारा पॉइंट म्हणजे दोन धातूंच्या टिकल्या. त्या सेकंदाला शंभरदा उघडतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. उघडल्या की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि बारा व्होल्टचे दहा हजारांहून जास्त होतात. त्यात संगणक नाही, चिप नाही. डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण काढलं की सगळं डोळ्यांसमोर.

आमचं इंजिन जाम होतं. अशा वेळी हँडल मारून जोर करणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा; रिंगा तुटतात, सिलिंडरवर ओरखडे पडतात. प्लग काढून प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ तेल ओतायचं आणि थांबायचं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागेपुढे किंचित झुलवायची, पुन्हा तेल, पुन्हा थांबायचं. गंजाच्या फटींतून तेल स्वतःहून चढत जातं, जसं दिव्याच्या वातीत. एका संध्याकाळी मागचं चाक हलवल्यावर पंख्याचं पातं बोटभर सरकलं. दादाने काही न बोलता मिस्त्रींच्या पाया पडायला हात पुढे केला.

हेड उतरवल्यावर वर्कशॉपमध्ये सिलिंडर मोजले. गोल भोक गोल उरलेलं नसतं. पिस्टनला ढकलणारा दांडा तिरपा असतो, म्हणून पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर जास्त रेलतो आणि भोक अंडाकार होतं. वरच्या टोकाशी, जिथवर रिंग पोहोचते आणि परतते, तिथे नखाला अडेल अशी कड तयार होते. तिच्या वर मूळ कारखान्याचं माप शिल्लक असतं, खाली आयुष्यभराची झीज. मोजणारा टर्नर गेजकडे बघून म्हणाला, ही गाडी कुणीतरी थंड असताना कधी रेटली नाही. बाबांची ती सवयच होती. सकाळी चोक ओढून गाडी सुरू करायची, अंगणात तशीच राहू द्यायची, तोवर चहा. आम्ही शाळेला उशीर होतो म्हणून कुरकुरायचो. ती कुरकुर आणि तो धीर, दोन्हींची नोंद लोखंडाने ठेवली होती.

इथेच मला गंज आणि झीज यांतला फरक लख्ख दिसला. दोन्हींत पदार्थ जातो. पण गंज लागतो गाडीला कुणी हात लावत नाही म्हणून आणि झीज होते कुणीतरी रोज हात लावतं म्हणून. गंजाला माणूस नसतो. झिजेला असतो.

ब्रेकच्या पेडलवरचं रबर पाहा. नव्या रबरावर आडव्या रेघा असतात. आमच्या रबराच्या डाव्या अर्ध्यावर त्या शाबूत आहेत, उजवीकडचा खालचा कोपरा मात्र गुळगुळीत आणि खोलगट. अंदाजाने तीन मिलिमीटर गेलं आहे. समजा दिवसाला पन्नास वेळा ब्रेक, वर्षाला तीनशे दिवस, अशी पंचवीस वर्षं. पावणेचार लाख वेळा पाय पडला. तीन मिलिमीटरला पावणेचार लाखांनी भागलं की प्रत्येक वेळेला मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी आठ, म्हणजे आठ नॅनोमीटर उत्तर येतं. जेमतेम काही डझन अणूंचा थर. बाबांनी एकदा ब्रेक दाबला, एवढंच गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा एवढंच. त्या कोपऱ्याचा खळगा म्हणजे त्यांच्या उजव्या पायाच्या टाचेपासून बोटांपर्यंतच्या कलाचं, अणू-अणूने कोरलेलं शिल्प आहे. मिस्त्री म्हणाले, "थे रबर राहू द्या ताई. थो तुमच्या बाबाचा पाय आहे."

पण नाही ठेवलं आम्ही ते. गुळगुळीत रबरावरून पावसात ओला जोडा घसरतो आणि ब्रेक हा भावनेचा विषय नाही. पेडलला नवं रबर, आत नवे व्हील सिलिंडर, नवे लायनर, नव्या नळ्या. जिथे जीव जाऊ शकतो तिथे सगळं नवं, हा नियम आम्ही पहिल्या दिवशी ठरवला होता आणि तो मला अजूनही पटतो. ज्यांच्या आठवणीसाठी गाडी उभी करायची, त्यांच्याच नातवंडांना धोक्यात घालणारी आठवण काय कामाची? जुनं रबर कापडात बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं आहे.

बाकी झीज मात्र राहू दिली. स्टिअरिंगच्या चाकावर दहाच्या आणि दोनच्या जागी तकाकी गेलेली आहे. चाकाच्या भेगा भरून घेतल्या, तकाकी परत आणली नाही. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याची मूठ अंगठ्याच्या बाजूने चपटी झाली आहे. फियाटच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय तो घातला की दात खडखडतात, म्हणून चालवणाऱ्याचा अंगठा क्षणभर मुठीवर वाट बघतो. ते वाट बघणं त्या चपट्या जागेत आहे. पुढची सलग गादी उसवली तेव्हा आतला काथ्या चालकाच्या जागी दोन ठिकाणी दबलेला निघाला, एक मागे आणि एक पार पुढच्या कडेला. पुढचा खळगा आत्याचा. ती बुटकी होती, पाठीशी घडी केलेली सतरंजी घेऊन टोकावर बसायची, नाहीतर क्लचला पाय पुरत नसे. गादीवाल्याने स्प्रिंगा बदलल्या, वरचं रेक्झिन जुन्या नमुन्याचं घातलं, पण दबलेल्या काथ्याचा तो थर आम्ही त्याला टाकू दिला नाही.

जुन्या गाड्यांच्या जगात यावरून दोन तट आहेत. एकांना गाडी शोरूममधून आजच निघाल्यासारखी हवी असते, नटाच्या डोक्यापर्यंत. दुसऱ्यांना हात न लावलेली. स्पर्धेसाठी, संग्रहालयासाठी पहिल्यांचं म्हणणं समजू शकते. घरच्या गाडीला मात्र शोरूमसारखं करणं मला चुकीचं वाटतं. शोरूममधली गाडी अजून कुणाचीच नसते.

सुटे भाग मिळाले ते मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या पुण्याईने. पद्मिनीने तिथे काळ्या-पिवळ्या रंगात पिढ्यान्पिढ्या माणसं वाहिली, त्यामुळे पिस्टन, रिंगा, पाण्याचे पंप यांचा बाजार गाडी बंद झाल्यावरही दोन दशकं जिवंत राहिला. ३० ऑक्टोबर २०२३ला तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता भाग मिळणं दरवर्षी अवघड होत जाणार. ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी फार थांबू नये. एक सूचना आणखी. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या धर्तीच्या रबराला फुगवतं. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घालावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

कागदपत्रांचंही सांगायला हवं, कारण तिथेच बरीच घरं अडतात. मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. मग तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. दादाने ते तेव्हाच केलं म्हणून आज आमची एमएचच्या आधीची, तीन अक्षरांची नंबरप्लेट आमच्याकडे आहे. जुलै २०२१पासून देशात पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. अट अशी की कवच आणि इंजिन मूळचं असावं, त्यात मोठा फेरफार नसावा. पण अशी गाडी रोजच्या कामाला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आम्ही ती घेतली नाही. आम्हाला तिने पूल ओलांडून कामठीला भाजी आणायला जायला हवं आहे. नेहमीची नोंदणी, दर पाच वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर, हे आम्हाला मान्य आहे.

या आठवड्यात इंजिन पुन्हा बसलं. सिलिंडर बोअर करून थोडे मोठे पिस्टन घातले आणि शेवटी आतल्या भिंतीवर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारून घेतल्या. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली तर तेल टिकत नाही. या रेघांच्या खोबणीत ते थांबतं. आणि नव्या रिंगा भिंतीशी नीट बसायच्या तर दोघींनी एकमेकींना थोडं झिजवावं लागतं. म्हणून पहिले पाचशे किलोमीटर ताशी पन्नासच्या आत, एकसारख्या वेगाने नाही, मधूनमधून हलका जोर देत आणि सोडत. त्यानंतर तेल बदलायचं, हेडचे नट पुन्हा आवळायचे, टॅपेट तपासायचे. कन्हान ते मनसर ते रामटेक हा रस्ता त्यासाठी चांगला आहे. गर्दी बेताची, शेवटी गडाची चढण. रंग आजोबांच्या निळ्याशी जुळवून आणला आहे, दोन हात बाकी आहेत. दादाच्या मुलीला गिअर स्टिअरिंगवर असलेली गाडी शिकायची आहे आणि ती आत्याइतकीच बुटकी आहे, त्यामुळे गादीवाल्याला परत बोलवावं लागेल.